बंद गाडीतले आईचे दात

माझ्या आईला कवळी बसवली त्याला दोन वर्षं झाली. या दोन वर्षांत तिने त्या कवळीला जेवढ्या शिव्या दिल्या, तेवढ्या माझ्या वडिलांना अख्ख्या संसारात दिल्या नसतील. टोचते, घासते, हिरडी सोलते. घरात ती बिनदातांचीच वावरते, भाकरी दुधात कुस्करून खाते आणि शेजारीण आली की तोंडाला पदर लावून बोलते. पण कुठे धवला म्हणायला जायचं असलं की आदल्या दिवशीच कवळी घासूनपुसून भांड्यात पाण्यात पडते.

धवला म्हणजे लग्नात देवांना आवतण देणारी गाणी. आमच्याकडच्या शेतकरी घरांत हळद लागण्याआधी ती म्हणायची, आणि म्हणणारी बाई ती धवलारीण. कुलदैवत, गावदेव, वाघोबा, नदी, बांधावरचा म्हसोबा, घरातली गेलेली माणसं, सगळ्यांना एकेक नाव घेऊन बोलवायचं. भटजी नंतर येतात, आधी धवलारीण. आई वयाच्या सोळाव्या वर्षापासून हे करत आली आहे आणि आता ती अठ्ठ्याहत्तरची आहे. अक्षर एक वाचता येत नाही, पण नावांच्या त्या लांबलचक माळेतलं एकही इकडचं तिकडे झालेलं मी ऐकलेलं नाही. मी शाळेत शिकवते. पोरांना सात ओळींची कविता पाठ करायला सांगितली की आठवडा लागतो, म्हणून मला याचं फार कौतुक आहे.

दातांशिवाय मात्र ती एक ओळ म्हणणार नाही. मी एकदा म्हटलं, "आये, देवाला काय कळत नाही का? बोबडं बोललीस तरी येईल तो." तर माझ्यावरच उखडली.

"नाव नीट पडलं नाय तर देवाला कसं कलनार आपल्यालाच बोलावलंय? तुला कोनी भलत्याच नावानं हाक मारली तर तू जाशील?"



तिने हे कुणाला शिकवलंही नाही. मी एकुलती एक मुलगी, मी दोनदा विचारलं होतं. "नावं एका तोंडात राहातात गो. तुला दिली की माझी संपली," असं म्हणाली. खरं सांगायचं तर मला तेव्हा सुटल्यासारखंच वाटलं होतं. पेपर तपासायचे होते, पोराची परीक्षा होती. मग तो विषय निघालाच नाही.

पूर्वी लग्नसराईत आई घरी सापडायची नाही. आता लोक मोबाइलवर धवला लावतात, स्पीकरला जोडतात आणि मोकळे होतात. यंदाच्या वैशाखात तिला एकच आवतण आलं. धसईच्या पुढे, सिद्धगड समोर उभा दिसतो अशा एका गावातून. नवरीची आई लहानपणी माझ्या आईच्या माहेरच्या शेजारची. प्रत्येक लग्नात धवलारणीच्या, म्हणजे आईच्याच, पाठीला चिकटून बसणारी पोर म्हणून आईला ती आठवत होती. तिच्या भावांना डीजे हवा होता, पण तिने घरात सांगून टाकलं होतं, "काकी आल्याबिगर माझ्या लेकीला हलद लागनार नाय." हा निरोप ऐकून आई दोन दिवस हवेत होती. मला म्हणाली, "बघ, अजून लोकांना पायजे हाय."

मी म्हटलं, आपण आपल्या गाडीने जाऊ.

गाडी विजेची. तीन वर्षांपूर्वी घेतली. आवाज नाही, धूर नाही, पुढे टीव्हीएवढा पडदा, आणि दाराच्या कड्या अशा की गाडी बंद असताना त्या दारात सपाट बसतात, जवळ गेलं की आपोआप बाहेर येतात. मला त्या कड्यांचा फार गर्व होता. गाडी घरी आली तेव्हा आईने तिला हळदकुंकू लावलं आणि किल्ली मागितली, देवापुढे ठेवायला. मी काळं प्लास्टिकचं यंत्र तिच्या हातावर ठेवलं. ती त्याच्याकडे बघतच राहिली. "ह्याला किल्ली म्हनतात? खरी किल्ली दे." त्या यंत्राच्या पोटात एक लोखंडी पातं दडवलेलं असतं, अडीअडचणीसाठी. ते उपसून मी तिला दिलं. तिचं समाधान झालं. पातं देव्हाऱ्यात गणपतीच्या मागे जाऊन बसलं, आणि तीन वर्षं तिथेच होतं. रोज त्याला फूल मिळत होतं.

शहापूरहून आम्ही सकाळी सातला निघालो. किन्हवली गेलं, सरळगाव गेलं. धसईच्या अलीकडे आईने तोंडात बोट घालून कवळी काढली, रुमालात गुंडाळली आणि दोन सीटच्या मधल्या त्या गोल खड्ड्यात ठेवली, जिथे लोक चहाचा कप ठेवतात. "पोचल्यावर घालते," असं ती बिनदातांनी म्हणाली.

पोचल्यावर काय झालं ते सांगताना मला अजून लाज वाटते. मांडवाच्या बाजूला गाडी उभी केली आणि सगळं गाव गाडीभोवती जमलं. बायका, म्हातारे, करवल्या. "बाई, ही पेट्रोलवर नाय?" नाय म्हटलं. मग मला शाळा भरल्यासारखं चढलं. गाडी चालू न करता नुसता पडदा लावला, गाणी लावली, आतले दिवे, काचा वर-खाली, सीट मागे-पुढे. एकेक बाई आत बसून गेली. नवरीसुद्धा बसून गेली. तासभर तरी हा प्रयोग चालला असेल. मग मी ऐटीत खाली उतरले, दार लावलं, बटण दाबलं. गाडीने टुक् केलं, कड्या आत गेल्या. तो तिचा शेवटचा श्वास होता हे मला माहीत नव्हतं.

आई तोवर ओट्यावर बसून चहा पीत होती. चहा झाल्यावर तिने मला जवळ बोलावलं आणि पदराआडून म्हणाली, "दात आन."

मी गेले. बटण दाबलं. काही नाही. परत दाबलं. अंगठा दुखेपर्यंत दाबलं. गाडी ढिम्म. कड्या दारात सपाट, नख जायला जागा नाही. काचेतून बघितलं तर पांढरा रुमाल खड्ड्यात जसाच्या तसा, आणि त्याच्याशेजारी माझी पर्स, पर्समध्ये घराची किल्ली.

विजेच्या गाडीत दोन बॅटऱ्या असतात, हे मला त्या दिवशी कळलं. फोनला रेंज नव्हती म्हणून शाळेमागच्या टेकाडावर चढले आणि कंपनीच्या मदत केंद्राला फोन लावला, तेव्हा तिथल्या मुलीने समजावलं. एक मोठी, जिच्यावर गाडी धावते. तिच्यात माझं अर्ध्याहून जास्त चार्जिंग शिल्लक होतं. आणि एक छोटी, जी दारं उघडते, दिवे लावते, मोठीला जागं करते. मी तासभर जो तमाशा केला तो सगळा छोटीच्या जिवावर. ती म्हातारी झाली होती, मेली. मुलगी गोड आवाजात म्हणाली, "मॅडम, रिमोटमधली मेटल की काढा आणि हँडलखाली लावा." मी म्हटलं, ती देवाजवळ आहे. मग ती मुलगी माणूस पाठवते म्हणाली, चार तास लागतील.

चार तास! नवऱ्याकडची उष्टी हळद बाराच्या सुमारास येणार होती. ती दारात आली की धवला सुरू असायला हवा, तशी रीत आहे. तेव्हा साडेदहा वाजले होते.

खाली आले तर गाडीभोवती पुरुषांची सभा भरलेली. एक म्हणाला बॉनेट उघडा, दुसरी बॅटरी लावू. बॉनेट उघडायचा खटका आत. एक म्हणाला घरी माणूस पाठवा, मोटरसायकल हाय. घराची किल्ली आत. प्रत्येक उपाय त्याच बंद काचेवर जाऊन आपटत होता. शेवटी नवरीच्या मामाने एक चांगला मुठीएवढा दगड उचलला आणि माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, "फोडा. मागची छोटी काच फोडा." खरंच सांगते, त्या क्षणी मला गाडीचं काही वाटत नव्हतं. दोन दिवस हवेत असलेली माझी म्हातारी मला ओट्यावर दिसत होती.

पण ती उठली. पदर तोंडाशी धरून तरातरा आली आणि मामाच्या हातातला दगड काढून घेतला. बिनदातांनी काय बोलली ते मामाला कळलं नाही, मला कळलं. हळदीच्या आधी मांडवाच्या दारात काच फुटत नसते. पोरीने सकाळीच हिरवा चुडा भरला आहे. आज या अंगणात काचेचा आवाज होणार नाही.

"मग धवला कसा म्हणणार तू?" मी ओरडलेच.

तिने माझ्याकडे असं बघितलं की मी शाळेतली पोर झाले. मग ती गाडीकडे पाठ करून ओट्यावर जाऊन बसली. मामा हळूच म्हणाला, "मोबाइलवर हाय बाई, लावू का?" नवरीच्या आईने तिथूनच त्याला असं काही सुनावलं की तो मंडपाच्या मागे गेला तो बराच वेळ दिसला नाही.

आंब्याखाली एक म्हातारा बसला होता. लग्नाची नवी सुपं आणि रोवळ्या घेऊन तो सकाळी आला होता. धवल्याच्या वेळी नव्या सुपात तांदूळ लागतात, ती सुपं याच्याच हातची. सगळे गाडीभोवती गलका करत होते तेव्हा हा तिकडेच बसून चहा पीत होता, आणि बघत होता. सभा पांगल्यावर तो उठला, गाडीजवळ आला आणि हात मागे बांधून तिच्याभोवती एक पूर्ण फेरा घातला. बैल विकत घेताना माणसं घालतात तसा.

"बाय," तो म्हणाला, "आतून कसं उघडतंय ह्ये?"

"आतल्या कडीला ओढायचं, बाबा. दोनदा. एकदा ओढलं की कुलूप सुटतं, दुसऱ्यांदा दार."

"त्या कडीला वीज लागती का?"

हे मी विचारलंच नव्हतं. परत टेकाडावर पळाले, परत त्या मुलीला फोन. ती म्हणाली, नाही मॅडम, आतली कडी तारेवर आहे, करंट नसला तरी चालते, अपघातात माणूस आत अडकू नये म्हणून. खाली येऊन धापा टाकत म्हाताऱ्याला सांगितलं.

"मंग झालं की," तो म्हणाला. "हात तेवढा आत जायला पायजे. आपला जात नाय, तर बांबूचा घालू."

आणि त्याने काम सुरू केलं. घाई नाही, बोलणं नाही. मी आयुष्यभर पोरांना "लक्ष दे, लक्ष दे" म्हणून ओरडत आले, पण लक्ष देणं म्हणजे काय ते मी त्या माणसाला बघून शिकले. आधी त्याने पुढच्या दाराच्या कडेने चारी बाजूंनी अंगठ्याचं नख फिरवलं, रबर कुठे मऊ लागतं ते बघायला. वरच्या मागच्या कोपऱ्यात थांबला. तिथेच दोनदा दाबून बघितलं. मग काचेतून आतल्या कडीपर्यंतचं अंतर डोळ्यांनी मोजलं, हवेत हाताने दाखवलं, दोन हात आणि एक वीत, आणि मान हलवली.

मग बांबू निवडणं. मांडवाला हिरवे बांबू लावलेले होते, मी एकाकडे बोट दाखवलं. "हिरवा वाकंल, पर ओढायचा नाय," म्हणाला. सुपांच्या गठ्ठ्यात सुकलेल्या कामट्या होत्या. "ह्या मोडतील." शेवटी त्याने स्वतःच्या पिशवीतून एक अर्धवट सुकलेला, बोटाएवढा जाड तुकडा काढला. त्याच्या एका पेरावर फांदीचा छोटा फुटवा शिल्लक होता. आंबे काढायच्या आकडीला असतो तसा, पण अगदी बारीक. कोयत्याने त्याने तो चिरला, तासला, परत तासला. साली पायाशी पडत होत्या. मी घड्याळ बघत होते. अकरा वाजून गेले.

"बाबा, जरा..."

"होतंय गो बाय."

तासून झाल्यावर तो कामटी घेऊन आचाऱ्याच्या चुलीपाशी गेला. आचाऱ्याने डाळीचं भांडं चढवलं होतं, तो खेकसला. म्हाताऱ्याने ऐकलंच नाही असं करून कामटीचं टोक आचेवर धरलं, फिरवत फिरवत, आणि गुडघ्यावर दाबून तिला वळण दिलं. ओल्या फडक्यात धरून ती थंड केली. वळण बसलं. मग सायकलच्या जुन्या ट्यूबची बारीक पट्टी कापून ती आकड्याला गुंडाळली, म्हणजे गुळगुळीत कडीवरून घसरणार नाही. माझ्या तीस-पस्तीस वर्षांच्या नोकरीत इतका नीट विचार केलेला पाठ मी क्वचित घेतला असेल.

या सगळ्या वेळात मी मधूनमधून ओट्याकडे बघत होते. नवरीची आई आईजवळ जाऊन बसली होती, अगदी कान तोंडाला लावून. आई पदराआड काहीतरी पुटपुटायची, ती बाई काहीतरी म्हणायची, आई मान डोलवायची नाहीतर जोरात हलवायची. मला वाटलं, ती बिचारी म्हातारीची समजूत घालते आहे. बरं वाटलं. कुणीतरी तिच्याजवळ आहे म्हणून मी निर्धास्त झाले आणि परत दाराकडे वळले.

म्हाताऱ्याने पांगाऱ्याच्या मऊ लाकडाची पाचर केली, तिला जुन्या धोतराचं फडकं गुंडाळलं आणि त्या वरच्या कोपऱ्यात ठेवली. हातोडा नाही. तळहाताने ठोकली, एक ठोका, थांबा, दुसरा ठोका. दार कण्हलं. बोट जाईल एवढी फट पडली. "रंगाला लागंल का?" असं माझ्या तोंडून गेलंच. तो हसला. "रंगाला काय नाय होत. फडकं हाय ना." मग कामटी आत गेली. काचेच्या कडेने, खाली, सीटच्या बाजूने. तो डोळे मिटून होता. सुपाची कड विणताना बघायचं नसतं, बोटांनी कळतं, असं तो नंतर म्हणाला.

पहिल्यांदा आकडा कडीला लागला आणि घसरला. दुसऱ्यांदा लागला, त्याने ओढलं, आतून खटका वाजला.

"एक," तो म्हणाला.

आकडा परत सोडला, परत अडकवला.

"दोन."

दार उघडलं. कुठे ओरखडा नाही, रबर फाटलेलं नाही. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. म्हाताऱ्याने दाराच्या रबरावरून एकदा हात फिरवला आणि म्हणाला, "चांगलं बसवलंय. ज्यानं क्येलं त्याला काम येतंय." त्या कुठल्याशा परदेशातल्या कारखान्याला इतकी मोठी पावती दुसऱ्या कुणी दिली नसेल. मी त्याच्या पाया पडले. तो ओशाळून मागे सरला आणि सालींचा कचरा गोळा करायला लागला. गाडी नंतर संध्याकाळी ट्रॅक्टरच्या बॅटरीला जोडून जागी केली, त्याचं काही मोठं नाही.

मी रुमाल उचलला. तापलेल्या गाडीत पडून तो कोमट झाला होता. त्याच वेळी वेशीकडून ताशा ऐकू आला. नवऱ्याकडची हळद निघाली होती. मी पळत ओट्याकडे गेले. आई ओट्यावर नव्हती. मांडवात गेले.

मांडवात नव्या सुपापुढे नवरीची आई बसली होती, मांडी घालून, आणि ती धवला म्हणत होती.

आधी मला कळेना. मग कळलं. त्या ओट्यावर समजूत चालली नव्हती. बिनदातांच्या तोंडातून आलेलं एकेक नाव, जे दुसऱ्या कुणालाही समजलं नसतं, ते हिला समजत होतं. कारण ही लहानपणापासून त्या पाठीला चिकटून बसली होती, नावांचा आकार तिच्या कानात आधीच होता. आई पुटपुटली, हिने स्वच्छ म्हटलं; चुकलं तर आईने मान हलवली, हिने परत म्हटलं. तासाभरात साठ वर्षांची माळ एका तोंडातून दुसऱ्या तोंडात गेली होती. जी मला द्यायला माझी आई दोनदा नाही म्हणाली होती, ती. मला त्या क्षणी हेवा वाटला. मी कान द्यायला हवा होता, तो या बाईने दिला होता.

आई तिच्या मागे भिंतीला टेकून बसली होती, पदर तोंडावर, डोळे मिटलेले. मी वाकून रुमाल तिच्या हातात दिला. "आये, उघडली गाडी. घाल दात. हळद आली बघ."

नवरीच्या आईने माझ्या हातातला रुमाल बघितला आणि गाणं थांबवलं. ती उठायला लागली. "काकी, या. बसा तुमी."

सगळा मांडव आईकडे बघायला लागला. तिने सावकाश रुमाल सोडला, पाठ फिरवून कवळी बसवली, जबडा दोनदा हलवून बघितला. मग वळली. ताशा आता अगदी दारात आला होता. मला वाटलं, आता ती उठेल, सुपापुढे बसेल आणि तो आवाज लागेल. मी त्या आवाजासाठी सकाळपासून धावत होते.

आईने नवरीच्या आईच्या खांद्यावर हात ठेवून तिला खाली बसवलं.

"बस गो," ती म्हणाली, स्वच्छ, ठणठणीत, एकही अक्षर न सांडता. "नदीचं नाव वाघोबाच्या आधी घेतलंस. तिथून परत म्हन."

त्या बाईने डोळे पुसले आणि तिथून परत म्हटलं. वाघोबा आला, मग नदी आली, मग बांधावरचा म्हसोबा. आई पुढे झुकून ऐकत होती, ओठ मिटलेले, एकेका नावाला बोट गुडघ्यावर टेकवत. शेवटचं नाव पडलं तेव्हा दारात हळद आलेली होती.

गर्दी नवरीकडे सरकली. आईने तोंडात बोट घालून कवळी काढली, परत रुमालात गुंडाळली, चार गाठी मारल्या आणि माझ्या हातात दिली.

"ठेव," म्हणाली. "आता नाय लागनार."